यूटीआयची वही संसदेने उघडली तेव्हा

सरकारी शिक्का असलेल्या संस्थेत ठेवलेला पैसा बुडत नाही, असा आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा जुना समज आहे. बाजारात उधारी देताना आपण समोरच्याची तीन पिढ्यांची माहिती काढतो, पण पाटीवर ‘भारत’ किंवा ‘राष्ट्रीय’ हा शब्द दिसला की चौकशी करणे आपल्याला सुचत नाही. या समजाची सर्वांत मोठी किंमत देशातील सुमारे दोन कोटी खातेदारांनी सन २००१ मध्ये मोजली. ती संस्था होती भारतीय युनिट ट्रस्ट, म्हणजे आपल्या तोंडी बसलेली यूटीआय, आणि योजना होती युनिट स्कीम ६४. पुढे संसदेच्या संयुक्त समितीने या संस्थेचा कारभार तपासला. ती तपासणी कशी झाली, तिच्यातून काय निघाले आणि काय निघाले नाही, हे समजून घेणे आजही कामाचे आहे. कारण संस्था बदलल्या तरी सरकारी संस्थेचा हिशोब मागण्याची रीत तीच आहे.

यूटीआय काय होती?

संसदेने १९६३ साली स्वतंत्र कायदा करून ही संस्था स्थापन केली आणि १९६४ मध्ये तिचे काम सुरू झाले. सुरुवातीचे भांडवल फक्त ५ कोटी रुपये होते. त्यातील निम्मे रिझर्व्ह बँकेचे होते, बाकीचे आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आणि इतर वित्तसंस्थांचे. पुढे १९७८ मध्ये रिझर्व्ह बँकेची जागा आयडीबीआयने घेतली. हेतू चांगला होता. ज्याला शेअर बाजारातले काही कळत नाही, अशा लहान माणसाने आपली बचत थोडी थोडी जमा करावी, ट्रस्टने ती शेअर आणि रोख्यांत गुंतवावी आणि होणारा नफा सर्वांना वाटावा. दहा रुपयांचे एक युनिट. पहिली योजना १९६४ ची म्हणून तिचे नाव युनिट ६४.

तीस वर्षे ही योजना लोकांनी डोळे मिटून घेतली. नव्वदच्या दशकात लाभांश २० टक्क्यांच्याही वर गेला होता. शिक्षक, गिरणी कामगार, पेन्शनर, लहान दुकानदार, विधवा बाया, सर्वांच्या पेटीत युनिटचे प्रमाणपत्र असे. त्या काळी मी दुकानाच्या गल्ल्यावर नुकताच बसू लागलो होतो. कापड बाजारात मुलीच्या लग्नासाठी पैसा बाजूला काढणारे दोन प्रकारचे लोक असत, एक सोने घेणारे आणि दुसरे युनिट घेणारे. सोने घेणारा निदान सराफाकडे जाऊन भाव विचारीत असे. युनिट घेणाऱ्याला भाव विचारायची गरजच वाटत नसे. आणि खरी गोम तिथेच होती.

भाव कोण ठरवत होते?

इतर म्युच्युअल फंडात रोजच्या रोज हिशोब होतो. फंडाकडे आज किती माल आहे, त्याचा आजचा बाजारभाव काय, त्याला एकूण युनिटांनी भागले की एका युनिटची किंमत निघते. याला निव्वळ मालमत्ता मूल्य, बोलीभाषेत एनएव्ही म्हणतात. युनिट ६४ ला हा नियम लागू नव्हता. तिची विक्रीची किंमत आणि परत घेण्याची किंमत यूटीआय स्वतः ठरवून जाहीर करीत असे, आणि ती महिन्यागणिक थोडी थोडी वाढत असे. आत माल किती किमतीचा आहे हे बाहेरच्या कोणालाही सांगितले जात नव्हते. यूटीआय स्वतःच्या कायद्याने उभी असल्यामुळे सेबीचे १९९६ चे म्युच्युअल फंड नियम या योजनेला लागू झाले नाहीत.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. समजा एका व्यापाऱ्याने शंभर लोकांकडून पैसा घेऊन गोदामात कापडाच्या गाठी भरल्या. दुकानाबाहेर त्याने फळा लावला: ‘ज्याला आपला पैसा परत हवा त्याने तागा आणावा, आजचा भाव १४ रुपये.’ बाजारात कापड महाग होते तोवर फळ्यावरचा भाव आणि गोदामातल्या मालाची किंमत यांचा मेळ बसत होता. उलट गोदामातला माल फळ्यापेक्षा जास्तीचा होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. पुढे मंदी आली. गाठींचा भाव निम्म्यावर आला, पण व्यापाऱ्याने फळा बदलला नाही. फळा बदलला तर अब्रू जाते ना! आता जो आज १४ रुपये घेऊन जातो, तो स्वतःच्या मालाचे सहा-सात रुपये घेतो आणि उरलेले मागे थांबलेल्यांच्या वाट्यातून घेतो. ज्याला गोदामाची आतली खबर आहे तो पहिला येतो. ज्याला खबर नाही तो फळ्याकडे बघून खूश राहतो. शेवटी एक दिवस शटर खाली येते.

शेअर नसून रोखे असते तर एवढा घोळ झाला नसता, कारण रोख्यांचा भाव इतका वर-खाली होत नाही. पण लोकांना वीस-पंचवीस टक्के लाभांशाची सवय लावायची म्हणजे नुसत्या रोख्यांवर भागत नाही. म्हणून योजनेतील शेअरचा वाटा नव्वदच्या दशकात वाढत जाऊन निम्म्याच्या वर गेला. नाव ठेवीसारखे आणि आतला धंदा सट्टा बाजाराचा, असा हा प्रकार झाला.

पहिला इशारा, १९९८

ऑक्टोबर १९९८ मध्ये बातमी फुटली की युनिट ६४ ची गंगाजळी उणे १,०९८ कोटी रुपये झाली आहे. म्हणजे देणे जास्त, माल कमी. लोकांनी युनिट परत करायला रांगा लावल्या. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली (ही संसदेची नव्हे, तज्ज्ञांची समिती) आणि तिने फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल दिला. मुख्य सांगणे सरळ होते. तीन वर्षांच्या आत या योजनेचा भाव एनएव्हीला जोडा, शेअरचे प्रमाण कमी करा, कारभारात स्वतंत्र विश्वस्त आणा.

सरकारने तातडीची मलमपट्टी केली. युनिट ६४ कडे असलेले सरकारी कंपन्यांचे शेअर एका वेगळ्या योजनेत काढून घेतले आणि त्यांच्या बदल्यात मूळ खरेदीच्या किमतीने सरकारी रोखे दिले. खरेदीभाव आणि बाजारभाव यांतील सुमारे ३,३०० कोटी रुपयांचा फरक सरकारने, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशाने, उचलला. लाभांशावरील करातूनही तीन वर्षांची सूट मिळाली. रोग्याला सलाईन लागले, ताप उतरला आणि पथ्य विसरले गेले. पुढच्या वर्षी तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरची तेजी आली. फंड पुन्हा वर आल्यासारखा दिसला. एनएव्हीकडे जाण्याचे काम मात्र पुढे ढकलले गेले. १९९८ साली २० टक्के असलेला लाभांश १९९९ मध्ये साडेतेरा आणि २००० मध्ये पावणेचौदा टक्के दिला गेला. घसरण असूनही लोकांना वाटले, चला, गाडी रुळावर आली.

मार्च २००१ मध्ये केतन पारेख प्रकरण उघडे पडले, शेअर बाजार कोसळला आणि त्यासोबत फंडातला मालही. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत युनिट ६४ मधून चार हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढली गेली. ती काढणारे पेन्शनर नव्हते. त्यातील फार मोठा हिस्सा कंपन्यांचा आणि बड्या संस्थांचा होता. त्यांनी १४ रुपयांच्या वर भाव घेतला. २ जुलै २००१ रोजी यूटीआयने जाहीर केले की लाभांश १० टक्के, आणि युनिटची विक्री व पुनर्खरेदी सहा महिने बंद. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी राजीनामा दिला.

लहान माणसाचा हिशोब बघा. समजा एखाद्याकडे ३,००० युनिटे होती. मे महिन्यात त्याने ती परत केली असती तर ४२,००० रुपयांच्या वर हातात आले असते. तो थांबला. जुलैमध्ये लाभांशाचे ३,००० मिळाले. नंतर आरडाओरडा झाल्यावर ऑगस्टपासून ३,००० युनिटांपर्यंत १० रुपये भावाने परत घेण्याची खिडकी उघडली आणि तो भाव दर महिन्याला १० पैशांनी वाढत मे २००३ पर्यंत १२ रुपये होईल असे ठरले. गरजेपोटी त्याने ऑगस्टमध्येच विकले तर ३०,००० मिळाले. लाभांश धरूनही नऊ हजारांचा खड्डा, तो देखील अशा योजनेत जिला लोक बँकेच्या ठेवीसारखी समजत होते. आणि खरा भाव काय होता? डिसेंबर २००१ च्या अखेरीस जेव्हा पहिल्यांदा एनएव्ही काढून जाहीर झाली, तेव्हा ती निघाली ५ रुपये ८१ पैसे. ज्या बड्यांनी मे महिन्यात चौदा रुपये नेले, त्यांनी कोणाच्या खिशातून नेले हे यावरून कळते.

संसदेच्या समित्या कशा काम करतात?

आमच्या उर्दू शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसदेवर एक धडा होता. त्यात लोकसभा किती जणांची, राज्यसभा किती जणांची एवढेच होते. समित्यांबद्दल एक ओळ सोडली तर काही नव्हते. वास्तविक खासदारांचे हिशोब तपासण्याचे खरे काम सभागृहात नव्हे तर समितीच्या खोलीत होते.

कायमच्या वित्तीय समित्या तीन आहेत. अंदाज समिती, लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती. लोकलेखा समिती इंग्रजांच्या काळापासूनची, १९२१ ची. तिच्यात २२ सभासद असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्री सभासद होऊ शकत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. महालेखापरीक्षक म्हणजे कॅग सरकारी खर्चाचा अहवाल देतात, त्यावर ही समिती खात्याच्या सचिवाला समोर बसवून जाब विचारते. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ पासून आहे. तिची रचनाही २२ जणांची, आणि तिचे काम सरकारी कंपन्या व महामंडळे तपासण्याचे. कापड धंद्याशी संबंधित राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ आणि भारतीय कापूस महामंडळ यांच्यासारख्या कंपन्या तिच्या कक्षेत येतात.

याशिवाय एखादे मोठे प्रकरण अनेक खात्यांत पसरलेले असेल तर दोन्ही सभागृहे ठराव करून खास संयुक्त समिती नेमतात. १९८७ मध्ये बोफोर्ससाठी, १९९२ मध्ये रोखे घोटाळ्यासाठी, २००१ मध्ये शेअर बाजारासाठी, २००३ मध्ये शीतपेयांतील कीटकनाशकांसाठी (तिचे अध्यक्ष आपले शरद पवार होते) आणि २०११ मध्ये टू-जी साठी अशा समित्या झाल्या.

समितीला कागद आणि माणूस मागवण्याचा अधिकार आहे. शपथेवर साक्ष घेता येते. खोटे बोलणे किंवा येण्यास नकार देणे हा संसदेचा हक्कभंग ठरतो. एखादा कागद उघड झाल्यास देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असे सांगून सरकार तो रोखू शकते. बैठका बंद दाराआड होतात, पत्रकार आत नसतात. याचा एक फायदाही आहे. टीव्हीचा कॅमेरा नसला की खासदार भाषण कमी करतो आणि प्रश्न जास्त विचारतो. पक्षाचा झेंडा दाराबाहेर ठेवून काम झाले तर समिती चांगली चालते. झेंडा आत नेला तर काय होते ते टू-जी समितीने दाखवले. तिच्या अहवालावर विरोधी सभासदांनी असहमतीची पत्रे जोडली आणि मूळ प्रश्न भांडणात हरवला.

आणि समितीला काय करता येत नाही? ती कोणाला तुरुंगात टाकू शकत नाही, कोणाचे पैसे परत देऊ शकत नाही. तिचा अहवाल म्हणजे शिफारस. सरकारने ती मानावी असा संकेत आहे, सक्ती नाही. काही लोक ‘जेपीसी बसली’ म्हटले की न्यायाधीश बसला असे समजतात. जेपीसी ही न्यायाधीश नाही, ती मोठ्या बाजारातल्या पंचांसारखी आहे. पंच वही उघडतात, चूक कोणाची ते लिहून ठेवतात. वसुलीसाठी कोर्टातच जावे लागते.

२००१ ची समिती

शेअर बाजार घोटाळ्यावरील संयुक्त समिती एप्रिल २००१ मध्ये नेमली गेली. ३० सभासद होते, २० लोकसभेचे व १० राज्यसभेचे, आणि अध्यक्ष होते प्रकाश मणि त्रिपाठी. समिती नेमली तेव्हा युनिट ६४ चे शटर अजून खाली आले नव्हते. ते जुलैमध्ये आले आणि मग यूटीआयचे प्रकरणही समितीच्या कामात जोडले गेले. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँकही तपासात होती. या बँकेने ठेवीदारांचा पैसा शेअर दलालाच्या हाती दिला होता, आणि इतर अनेक सहकारी बँकांचा पैसा तिच्यात अडकला. नागरी सहकारी बँकेत चालू खाते ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण विसरू नये. तेव्हा ठेवीवरील विमा एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख आहे.

यूटीआयच्या बाबतीत समितीपुढचे प्रश्न कोणत्याही मुनिमाला सुचावेत असेच होते. १९९९ मध्ये एनएव्हीकडे जा असे सांगितले असताना वेळ का घालवला? मिळकतीपेक्षा जास्त लाभांश कोणत्या पैशातून वाटला? एखाद्या कंपनीत पैसा टाकण्याचा निर्णय संशोधन विभागाच्या सल्ल्याने झाला की वरून आलेल्या शब्दावर? विश्वस्त मंडळ फक्त सही करीत होते काय? दोन महिन्यांत बडे लोक बाहेर पडत असताना ते अध्यक्षांना, आयडीबीआयला, अर्थखात्याला दिसत होते की नाही? आणि शटर ओढायच्या आधी अर्थखात्यात कोणाला काय माहीत होते?

अहवाल १९ डिसेंबर २००२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यात पावणेतीनशेच्या आसपास निष्कर्ष व शिफारशी होत्या. यूटीआयचा कारभार, सेबी, रिझर्व्ह बँक, अर्थखाते, सर्वांवर ताशेरे होते. माझ्या मते या अहवालाची खरी किंमत अशी की त्याने ‘बाजार पडला म्हणून फंड पडला’ ही सबब मान्य केली नाही. बाजार सर्वांसाठी पडतो. बाजार पडल्यावर फळा बदलायचा की नाही, हा निर्णय माणसे घेतात. ती माणसे कोण आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे कोण, हे कागदावर आले.

मे २००३ मध्ये सरकारने या शिफारशींवर काय केले याचा कृती अहवाल मांडला आणि पुढेही सहा-सहा महिन्यांनी प्रगतीचे अहवाल येत राहिले. समिती चालू असतानाच, ऑक्टोबर २००२ मध्ये, सेबीचा कायदा कडक झाला. घोटाळ्याच्या नफ्याच्या तिप्पट किंवा २५ कोटी, यांत जे जास्त तितका दंड करण्याची तरतूद आली. बदला पद्धत जुलै २००१ मध्येच बंद झाली होती. समितीच्या धाकामुळे किती झाले आणि आपोआप किती झाले याची वाटणी करणे कठीण आहे. पण दर सहा महिन्यांनी उत्तर द्यायचे आहे म्हटल्यावर फाईल हलते, एवढे आपण सरकारी कचेरीत जाणारे लोक जाणतोच.

पैशाचे काय झाले?

जे झाले ते सरकारी तिजोरीतून. ३१ ऑगस्ट २००२ रोजी सरकारने १४,५६१ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातील सुमारे ६,००० कोटी युनिट ६४ साठी आणि उरलेले मासिक उत्पन्नासारख्या हमी दिलेल्या योजनांसाठी होते. हमी देताना यूटीआयने आपल्या खिशाकडे पाहिले नव्हते. १९६३ चा कायदा रद्द करून १ फेब्रुवारी २००३ पासून यूटीआयचे दोन तुकडे झाले. एका भागात हमीच्या योजना आणि युनिट ६४, सरकारच्या ताब्यात. दुसरा भाग यूटीआय म्युच्युअल फंड, सेबीच्या नियमांखाली, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, पंजाब नॅशनल बँक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या मालकीचा. मे २००३ मध्ये युनिट ६४ बंद झाली. पहिल्या ५,००० युनिटांना १२ रुपये आणि त्यापुढच्यांना १० रुपये भाव मिळाला. ज्यांनी रोख न घेता पाच वर्षांचे पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे घेतले, त्यांचे पैसे २००८ मध्ये सुटले.

गंमत पुढे आहे. सरकारच्या ताब्यातल्या त्या तुकड्यात जुन्या यूटीआयने घेतलेले शेअरही होते. यूटीआयने काढलेली बँक पुढे २००७ मध्ये अ‍ॅक्सिस बँक झाली. २०१४ मध्ये तिच्यातला काही हिस्सा विकून सरकारला सुमारे साडेपाच हजार कोटी मिळाले, आणि २०१७ मध्ये आयटीसी कंपनीतला दोन टक्के हिस्सा आयुर्विमा महामंडळाला विकून आणखी सुमारे ६,७०० कोटी. म्हणजे माल सगळाच सडका नव्हता. धीर धरायची ऐपत असलेल्याकडे तो माल राहिला आणि पुढे सोन्याच्या भावाने विकला गेला. ज्याने ऑगस्ट २००१ मध्ये गरजेपोटी दहा रुपयांना युनिट परत केले, त्याच्या वाट्याला यातले काही आले नाही. हा भाग समितीच्या अहवालात असणे शक्यच नव्हते, पण हिशोबात तो धरला पाहिजे.

आपल्या धंद्यासाठी यात काय?

१९९३ पासून संसदेत खातेनिहाय स्थायी समित्याही आहेत, सध्या त्यांची संख्या २४ आहे. वस्त्रोद्योग खाते हे कामगार, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास या समितीकडे येते. यंत्रमाग, हातमाग, कापूस, सूत, विणकरांचे विमा आणि कर्ज यांवर मंजूर झालेला पैसा खर्च झाला की परत गेला, हे ती दरवर्षी विचारते. एखादा विषय हाती घेतला की समित्या वर्तमानपत्रांतून लोकांची निवेदने मागवतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या संघटना दिल्लीला मंत्र्याच्या भेटीसाठी शिष्टमंडळ नेतात, फोटो काढतात आणि परत येतात. त्याच खर्चात तीन पानांचे निवेदन, त्याला जोडलेली वीज बिले आणि अडलेल्या अनुदानाचे कागद समितीच्या सचिवालयाला पाठवले तर ते नोंदीत जाते, आणि सचिवाला त्यावर प्रश्न विचारला जाऊ शकतो. फोटोवर कोणी प्रश्न विचारत नाही.

अहवाल वाचायचा असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी व इंग्रजीत मिळतो. मूळ अहवाल जाड असतो, त्याला घाबरू नये. लोकलेखा, सार्वजनिक उपक्रम किंवा स्थायी समितीचा असेल तर आधी त्याच विषयावरचा कृती अहवाल शोधावा. त्याचे पाच भाग असतात. पहिल्यात समितीचे भाष्य, दुसऱ्यात सरकारने मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारच्या उत्तरानंतर समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचे उत्तर समितीला न पटल्यामुळे पुन्हा मांडलेल्या, आणि पाचव्यात अजून पक्के उत्तर न आलेल्या. दुसरा भाग सर्वांत लांब असतो आणि त्यात ‘मान्य, कार्यवाही सुरू आहे’ अशी वाक्ये फार असतात. आपण चौथ्या भागापासून सुरुवात करावी. संस्थेचे दुखणे कुठे आहे ते तिथे सापडते. नंतर पाचवा वाचावा आणि त्यातल्या तारखा बघाव्यात. दोन वर्षांपूर्वी मागितलेले उत्तर अजून ‘विचाराधीन’ असेल, तर त्या महामंडळाशी उधारीचा व्यवहार करण्यापूर्वी आपल्या मुनिमाला तेवढे पान वाचून दाखवावे.